नेटवर्क कंपनीचं, वायफाय आमचं, मग कव्हरेज कुणाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाईलला रेंज नाही म्हणून रडणारी पत्रं तुमच्याकडे ढिगानं येत असतील, हे त्यातलंच एक समजून बाजूला टाकू नका एवढी विनंती. रेंज नाही ही तक्रार तर आहेच, पण ती केल्यावर कंपनी जे उत्तर देते त्याचा मला जास्त राग आलाय म्हणून लिहायला बसलोय.

उत्तर असं. हेल्पलाइनला फोन लावायचा (तोही गल्लीत कट्ट्यावर येऊन, घरातून लागत नाही म्हणूनच तर तक्रार!), कन्नड, हिंदी, इंग्लिश यातलं एक बटण दाबायचं, गाणं ऐकत बसायचं, मग पलीकडचा मुलगा फार गोड आवाजात विचारतो, सर तुमच्या घरी वायफाय आहे का? आहे म्हटलं की त्याला एकदम हायसं वाटतं. मग सेटिंगमध्ये जा, वायफाय कॉलिंग ऑन करा, फोन बंद करून चालू करा, झालं. आणि दुसऱ्या दिवशी मेसेज, तुमच्या तक्रारीचं निराकरण झालेलं आहे. अहो कसलं निराकरण? टॉवर होता तिथंच आहे, माजघरात सिग्नलच्या दांड्या होत्या तेवढ्याच आहेत म्हणजे एकही नाही, बदललं एवढंच की कंपनीचा कॉल आता माझ्या घरच्या इंटरनेटवरून जायला लागला, ज्याचं बिल मी दुसऱ्याच माणसाला दर महिन्याला वेगळं देतो.

वायफाय कॉलिंग वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. चीज चांगली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलनं ते आधी दिल्लीकडं सुरू केलं, जानेवारी २०२० मध्ये जिओनं देशभर, मग बाकीचे आले. तांत्रिक भाग साधा आहे, फोन तुमच्या राउटरमधून इंटरनेटवर जातो, तिथून कंपनीच्या गेटवेपर्यंत एक बंदिस्त बोगदा तयार करतो आणि कॉल त्यातून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरतो, समोरच्याला तुमचा नेहमीचाच नंबर दिसतो, वेगळं ॲप नको की काही नको. एका मिनिटाला एक एमबीसुद्धा डेटा लागत नाही, त्यामुळं माझा डेटा खाल्ला म्हणून मी ओरडत नाहीय. तेवढं मन मोठं आहे आमचं.

पण सोय म्हणून दिलेली गोष्ट आणि जबाबदारी टाळायला पुढं केलेली गोष्ट, यात फरक आहे की नाही?

आमचं घर बेळगावातल्या वडगावात, जुनं. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परसू. भिंती मातीच्या आणि हातभर जाड, वर भावानं नंतर स्लॅब टाकून दोन खोल्या काढल्या. कट्ट्यावर तीन दांड्या, सोप्यात एक, माजघरात आलं की नो सर्व्हिस. यात आश्चर्य काही नाही, कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल भिंतीतून थोडातरी आत येतो आणि जास्त फ्रिक्वेन्सीचा भिंत लागली की दमतो, आणि ५जीचा जो मोठा गाजावाजा झाला त्याचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, तो तर आमच्या भिंतीला हात लावूनच परत जात असणार. हे कंपनीच्या इंजिनिअरला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शहापूर, वडगाव, जुनं बेळगाव, अनगोळ, इकडं निम्मी घरं अशीच आहेत, भिंतीला भिंत लागून, मागमाग होत गेलेली. हे गाव काल वसलेलं नाही, टॉवर लावताना घरं होतीच.

तर वायफाय कॉलिंग ऑन केलं. पहिले चार दिवस खरंच बरं वाटलं, आई माजघरात बसून मावशीशी बोलायला लागली. मग एक दिवस दुपारी हेस्कॉमचा, म्हणजे आमच्या वीज कंपनीचा, करंट गेला. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, राउटर त्याच्यावर, मला वाटलं काही अडचण नाही. पण राउटरवर तो तांबडा दिवा. का, तर केबलवाल्याचा डबा गल्लीच्या तोंडाला पोलवर अडकवलाय, त्यातला स्विच करंटवर चालतो, त्याला बॅटरी आहे पण ती नावाला, वीस मिनिटात बसली. म्हणजे गल्लीचा करंट गेला की घरातला फोन गेला. टॉवरला निदान मोठ्या बॅटऱ्या असतात, जनरेटर असतो, तो तासन् तास तग धरतो. आणि त्याच्याही आधी आपल्याकडं तांब्याच्या तारेचा लँडलाइन होता, त्याला एक्सचेंजमधूनच करंट यायचा, बाहेर सगळा काळोख असला तरी तो वाजायचा. पुढं पुढं जाता जाता आपण मागं कुठं आलो बघा.

करंट सोडा, रस्ता खोदाई घ्या. २०१६ ला बेळगावचं नाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं तेव्हापासून आम्ही रस्ते खणलेले बघतोय, एकदा ड्रेनेज, एकदा पाण्याची पाईप, एकदा कुणाची तरी केबल. जेसीबीनं फायबर तोडली की केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत दिवस जातो, आणि तेवढा वेळ घरात नेट नाही म्हणजे कॉल नाही, ओटीपी नाही, गॅस बुकिंगचा मेसेज नाही. आता फोन कुणाला करायचा? केबलवाला म्हणतो नेट तुटलंय, उद्या होईल, पण फोन लागत नाही ते मला काय विचारता, ते सिमकार्डवाल्याला विचारा. सिमकार्डवाला म्हणतो सर तुमचं ब्रॉडबँड डाऊन दिसतंय, आमच्याकडून सगळं ओके आहे. दोघंही खरं बोलतात आणि मी मधल्या मधे.

आणखी एक गंमत सांगतो, घरी वायफाय कॉलिंग वापरणाऱ्यांना ही पटेल. बोलत बोलत माणूस घराबाहेर निघतो. नियमाप्रमाणे कॉल अलगद वायफायवरून टॉवरवर उडी मारतो. प्रत्यक्षात परसाच्या दारापाशी वायफाय मरायला टेकलेलं असतं तरी फोन त्याला सोडत नाही, टॉवरची रेंज तिथं जेमतेम, आणि मग दहा-बारा सेकंद पलीकडचा माणूस ऐकू येतो पण आपण त्याला ऐकू जात नाही. आई ओरडत असते, "अगे काय म्हणुलायस, आयकू येईना की," आणि मावशी पलीकडून तेच. आमच्या परसात कढीपत्त्याच्या झाडाजवळची चार फूट जागा अशी आहे की तिथं कुणी फोनवर बोलत उभं राहिलं की घरातला दुसरा माणूस आपोआप हाक मारतो, आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा. राउटर हलवून बघितला, माळ्यावर ठेवून बघितला, ती जागा फक्त इकडची तिकडं सरकते.

हे धोरण आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं २०१० मध्ये मायक्रोसेल नावाचा डबा काढला, छोटा टॉवरच म्हणा, ज्याच्या घरात रेंज नाही त्यानं तो दीडशे डॉलरला विकत घ्यायचा, आपल्या घरच्या इंटरनेटला जोडायचा, खिडकीजवळ ठेवायचा कारण त्याला जीपीएस मिळायला हवं, आणि मग त्यावरून केलेले कॉलसुद्धा प्लॅनच्या मिनिटातून कापले जायचे. इंग्लंडात व्होडाफोननं असाच डबा त्याच्या आधीच, २००९ मध्ये आणला होता. तेव्हा तिथल्याही लोकांनी हाच प्रश्न विचारला की बाबा टॉवर मी विकत घेतला, लाइन माझी, वीज माझी, मग पैसे कसले घेता? खानावळीत जेवायला जावं, ताटाचे पूर्ण पैसे द्यावेत आणि मालकानं म्हणावं, गॅस तेवढा घरून घेऊन या, त्यातला प्रकार. आणि एवढं करून २०२२ मध्ये एटी अँड टीनं ३जी बंद केलं तेव्हा ते डबे निकामी झाले. आता डबा जाऊन त्याच्या जागी फोनमधलं एक बटण आलं एवढाच फरक, खर्च ग्राहकाचाच.

पण अमेरिकेतली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, ती इथं घेतलेली मला तरी दिसली नाही. तिथं वायफाय कॉलिंग चालू करताना तुमचा पत्ता भरून घेतात, कारण टॉवरवरून कॉल गेला तर माणूस साधारण कुठं आहे ते कळतं, घरच्या इंटरनेटवरून गेला तर तसं कळत नाही, आणि इमर्जन्सीला गाडी पाठवायची तर पत्ता पाहिजे. मी इथं बटण दाबलं तेव्हा मला कुणी पत्ता विचारला नाही. आमच्या घरात एक वयस्कर माणूस आहे, रात्री ११२ ला फोन करायची वेळ आली आणि बोलणारा घाबरून पत्ता नीट सांगू शकला नाही तर? आणि त्याच वेळी करंट गेलेला असला तर? हे प्रश्न हेल्पलाइनच्या मुलाला विचारून उपयोग नाही, त्याच्यासमोरच्या कागदावर ते नाहीत.

आता नियमाचं बघू. ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात चांगल्या गोष्टी आहेत हे मान्य करायला हवं. दर्जा पाळला नाही तर दंड आधी जास्तीत जास्त ५० हजार होता तो पायरीपायरीनं १० लाखांपर्यंत नेला, कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे टाकले पाहिजेत असं सांगितलं, आणि एखाद्या जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त वेळ सेवा बंद राहिली तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा व्हॅलिडिटी वाढवून द्यायची असंही ठरवलं. पण जिल्हा म्हणजे आमचा बेळगाव जिल्हा! क्षेत्रफळानं कर्नाटकातला सगळ्यात मोठा, १३ हजार चौरस किलोमीटरच्या वर. निपाणीपासून रामदुर्गपर्यंत सगळं एकदम चोवीस तास बंद पडायचं तेव्हा मला सूट, आणि वडगावच्या एका गल्लीत वर्षभर माजघरात फोन लागत नाही त्याला काही नाही. नकाशा मी बघितला. आमची गल्ली त्यात मस्त गडद रंगवलेली आहे. रस्त्यावर उभं राहिलं तर नकाशा खरा आहे हो, पण आम्ही रस्त्यावर राहत नाही.

वडगाव तरी बरं, इथं वायफाय आहे. खानापूर तालुक्यात पश्चिमेकडं जा, जांबोटी, कणकुंबी, पुढं चोर्ल्याकडं, भीमगडच्या जंगलातली गावं बघा. आमचे पाहुणे आहेत कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात तिकडं करंट गेला की कधी येईल ते देवाला माहीत, रस्त्यावर मोरीजवळ एक वळण आहे तिथं रेंज येते, संध्याकाळी तिथं मोटारसायकली उभ्या दिसल्या की समजायचं मुंबई-गोव्याला गेलेल्या पोरांशी बोलणं चाललंय. लॉकडाऊनमध्ये शाळेची पोरं डोंगरावर चढून ऑनलाइन शाळा करत होती ते याच भागात. या लोकांना हेल्पलाइनवाला काय सांगणार, वायफाय ऑन करा? फायबर नाही तिथं कसलं वायफाय.

आणि म्हातारी माणसं. साध्या बटणाच्या बहुतेक फोनना वायफायच नसतं. गंमत बघा, ट्रायनंच डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल-मेसेजचा रिचार्ज ठेवा, मग कुणी ८४ दिवसाला ४४८ चा काढला, कुणी ४६९ चा. निर्णय चांगला. पण हा रिचार्ज मारणारा माणूस कोण? ज्याच्या घरी इंटरनेट नाही, ज्याचा फोन साधा आहे. त्याच्या घरात सिग्नल टॉवरवरूनच आला पाहिजे, दुसरा मार्गच नाही. उद्या कंपन्यांनी ठरवलं की घरातलं कव्हरेज वायफायवर सोडून द्यायचं, तर ४४८ रुपये भरून हा माणूस बोलणार कुठून, मोरीवरून?

सीमेचा त्रास वेगळाच. उचगावच्या पुढं, शिनोळीकडं गेलं की फोन कधी कर्नाटक सर्कल (कंपन्यांचे विभाग असतात ते) पकडतो कधी महाराष्ट्र-गोवा. रोमिंगचे पैसे पूर्वी लागायचे, आता लागत नाहीत, तो प्रश्न मिटला. पण तिकडच्या एकानं रेंजची तक्रार केली तर त्याला सांगितलं तुम्हाला सिग्नल देणारा टॉवर आमच्या सर्कलमध्ये येत नाही. माणूस कर्नाटकात, सिम कर्नाटकचं, टॉवर चंदगड तालुक्यातला. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे ऐकायची सवय आहे, तुमचं काम तिकडच्या ऑफिसात, पण निदान फोनच्या बाबतीत तरी ते ऐकावं लागू नये.

पैसे नाहीत असं कुणी म्हणू नये. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एका आठवड्यात दर वाढवले, साधारण १० ते २५ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि घरच्या ब्रॉडबँडवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे घरात एक कॉल करायला मी दोन बिलं आणि दोन टॅक्स भरतो. शिवाय कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के सरकारच्या त्या निधीत जातात, पूर्वीचा यूएसओ फंड, २०२३ च्या कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं, तो खेड्यापाड्यात सेवा पोचवायलाच आहे. त्यातूनच २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली, बीएसएनएलकडून देशातल्या २४,६८० गावांत ४जी पोचवायची. चांगलंच आहे. आमच्या खासदार-आमदारांनी एवढंच बघावं की खानापूरच्या जंगलातल्या किती वाड्या त्यात आल्या आणि लावलेल्या टॉवरला पावसाळ्यात डिझेल कोण घालतो.

आता आमच्याच लोकांना दोन शब्द सुनावतो, रागवा पाहिजे तर. गल्लीत कुणी टॉवरला जागा द्यायला निघाला की आपण सह्यांची मोहीम काढतो, रेडिएशननं कॅन्सर होतो म्हणून, आणि त्याच संध्याकाळी कट्ट्यावर बसून रेंज नाही म्हणून कंपनीला शिव्या देतो. भारतात टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे, १ सप्टेंबर २०१२ पासून. सरकारचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, त्यावर तुमच्या भागातले टॉवर दिसतात आणि शंका असेल तर ४ हजार रुपये भरून मोजणी करून घेता येते. गल्लीनं वर्गणी काढली तर घरटी शंभरही येत नाहीत. मोजा, आकडा जास्त आला तर मी पहिला सही करतो. पण न मोजताच विरोध करायचा असेल तर मग कंपनीला आयतं कारण मिळतं, आम्हाला टॉवर लावू देत नाहीत म्हणून वायफाय वापरा.

मला काय पाहिजे ते सांगतो म्हणजे नुसती कुरकुर वाटायला नको. घरात रेंज नाही या तक्रारीवर वायफाय कॉलिंगचा सल्ला देऊन ती "निराकरण झाली" अशी बंद करायची नाही, ट्रायनं तसं स्पष्ट लिहून द्यावं. सल्ला द्या, तक्रार चालू ठेवा, आणि माणूस पाठवून घरात मोजून जा. नकाशात रस्त्यावरचं वेगळं आणि घरातलं वेगळं दाखवा. माझ्या वायफायवरून गेलेले कॉल तुमच्या टॉवरच्या कामगिरीत मोजू नका, वेगळे दाखवा, म्हणजे कळेल तरी किती भार आमच्या राउटरवर आहे. आणि तरीही आमच्याच नेटवर चालवायचं असेल तर मग बिलातून काहीतरी कापा, अगदी तीस-चाळीस रुपये का असेना, तत्त्वाचा प्रश्न आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीसाठी हेल्पलाइनवर मराठीचं एक बटण असावं हे आपलं जाता जाता, ते मिळेल असं धरून मी चालत नाही.

तोपर्यंत वाचकांनी एक करावं. तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून ठेवा, "निराकरण झालं" असा मेसेज आला आणि झालेलं नसेल तर गप्प बसू नका, कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं ३० दिवसांच्या आत अपील करा, त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. तिथंही नाही झालं तर ग्राहक आयोग आहे, मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक कोर्टात जाता येतं हे सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय, त्यामुळं "ते आमच्या कायद्यात बसत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्या गल्लीतल्या काही जणांनी मिळून तक्रारी घातल्यात, प्रत्येकानं आपापल्या नावानं, कारण एकत्र अर्जाला ते नंबर देत नाहीत.

माझं अपील घातलंय. त्यात मुद्दाम लिहिलंय की उत्तर द्यायला फोन करणार असाल तर आधी वायफाय बंद करून मी कट्ट्यावर बसतो, वेळ तेवढी कळवा.

आपला,
एक ग्राहक
वडगाव, बेळगाव